अर्थविचार, पेपर दुसरा

परवा पेपर. म्हणून मी दुकानातच बसलेय,
भांडी बाजारात, गल्ल्यामागे, पालथ्या पातेल्यावर.
घरी झोप येते. इथे येणं शक्य नाही.
समोरचा तांबट सकाळपासून एकाच घागरीला ठोकतोय
आणि मी 'ध्वनी आणि स्वनिम' यावर टीप लिहितेय.

वहीत आहे : शब्द आणि वस्तू यांचं नातं यादृच्छिक असतं.
आप्पांना वाचून दाखवलं.
यादृच्छिक म्हणजे?
म्हटलं, उगाच. सगळ्यांनी मानलं म्हणून.
त्यांनी फळीकडे पाहिलं.
तांब्याचे तांबे, पितळेचे तांबे, स्टीलचे तांबे.
म्हणाले, स्टीलच्याला तांब्या म्हणायचं हे मात्र उगाच, खरंय.
अर्थविस्तार, पाच गुण. उदाहरण मिळालं.

मग लक्षणा.
सरांनी फळ्यावर लिहिलेलं, गंगेवर गवळ्यांची वस्ती.
नदीवर घरं कशी असतील, म्हणून 'वर' म्हणजे काठावर.
जळगावचा एकजण भराभर उतरवून घेत होता.
आम्ही नाशिकची चौघं नुसती बसलेली.
आमची गोदावरीच गंगा.
दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो,
मेथी, सुकट, जुन्या पँटी,
आजवर एकही गिऱ्हाईक बुडालेलं नाही.

दुपारी हर्षालीचा फोन, सटाण्याहून.
लघुतम युग्म सांग ना पटकन एखादं.
म्हटलं, तुझ्याच घरात आहे की. आंडोर, आंडेर.
एक स्वर बदलला की पोराची पोर.
हसली. मग जरा थांबून म्हणाली,
त्या एका स्वरावर आमच्याकडे
अडीच एकर डाळिंब जातं गं.
हे लिहिलं तर गुण कापतील का, तेही विचारलं तिने.
मला माहीत नव्हतं.

घटक विश्लेषण. तक्ता आखला.
हंडा, घागर, कळशी, गडू, चंबू.
अधिक, उणे. गळा अरुंद : अधिक. कान : उणे.
घागर आणि कळशी अडकल्या,
दोघींपुढे सगळी चिन्हं सारखी.
आप्पा, फरक कशाचा? मापाचा?
कमरेचा, म्हणाले. कपड्याने परात पुसत.
तुझी आई या घरात आली तेव्हा
दोन महिने कळशीच न्यायची नळावर.
कमरेसाठी रकाना नव्हता.
समासात लिहून ठेवलं, पेन्सिलीने.

राहिला एक मुद्दा.
अशुभ टाळायला माणसं उलटा शब्द वापरतात :
नारळ वाढवतात, बांगडी वाढते, दुकान वाढवतात.
पहिल्या दोन उदाहरणांवर पिवळा हायलायटर फिरवला.
एक तारखेपासून इथे मोबाइलची कव्हरं मिळतील.
ज्याने गाळा घेतला तो दोनदा टेप घेऊन येऊन गेला,
दुसऱ्यांदा जाताना एक चमचा विकत घेतला त्याने,
लाजेखातर असावा.
आप्पा रोज रात्री नऊला म्हणतात, चला, वाढवू.
एकतीस वर्षं या शब्दाचा अर्थ
'उद्या उघडू' असा होता.

नऊला दहा कमी. त्यांनी नाव घालायचं मशीन काढलं
आणि स्टीलची एक बाटली, विकायच्यातली.
पेपरला ने. मे महिन्याचं ऊन, तहान लागेल.
ठिपक्याठिपक्याने माझं नाव उतरलं : उर्मिला.
उ ऱ्हस्व.
इतक्या लग्नांची भांडी केली,
वर 'यांजकडून सप्रेम भेट' कधी चुकलं नाही.
माझ्या तोंडाकडे पाहिलं. चुकलं का?
दीर्घ हवा होता.
अर्थ बदलतो?
मी विचार केला. खरंच केला, परीक्षेत करतात तसा.
नाही, आप्पा. इथे ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलत नाही.
मग चला, म्हणाले,
आणि पुढचा शब्द न बोलता
शटरला हात घातला.