हलशी, एरडु

खानापूर स्टँडवर सवयीनं तोंडातून निसटलं,
"हलशी, एरडु."
कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली,
शेजारच्या रिकाम्या सीटकडं एकदा पाहिलं
आणि काही न विचारता पुढं सरकला.

एवढीच कानडी मला येते, आकड्यांपुरती.
बाकीची सगळी इराप्पा होसमनीकडं होती.
बावीस वर्षं, महिन्यातून एकदा,
शहापुरातलं माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान
आणि त्याची पिठाची गिरणी
एकाच दिवशी बंद राहायची.
कित्तूर, देगाव, हूली, सौंदत्तीचा किल्ला.
त्याच्या पिशवीत भडंग, माझ्या पिशवीत वही.
तिकिटं काढायचं काम माझं, खिडकी त्याची.
बस हलायच्या आत तो झोपलेला असायचा.

नंदगड गेलं.
उसाच्या ट्रॉलीमागं गाडी रांगत राहिली.

हलशीचं देऊळ पाहिलं नसेल तर सांगतो:
एका मंडपाला दोन गाभारे, समोरासमोर.
इकडं वराह, तिकडं नारायण,
मध्ये पावलांनी गुळगुळीत झालेली फरशी.
एकाला हात जोडावेत तर दुसऱ्याला पाठ होते.
पहिल्या खेपेला मी तिथं नुसताच गरगर फिरलो,
काटा सैल झालेल्या घड्याळासारखा.
इराप्पा हसला. "सुम्म कुंद्र," म्हणाला, गप बस,
आणि स्वतः मधोमध आडवा बसला,
एक कान याच्याकडं, एक कान त्याच्याकडं.
"घरात मी असाच बसतो की रे.
आई कानडीतनं बोलते, बायको मराठीतनं,
आणि दोघींचं म्हणणं एकच:
मीठ संपलंय."

शिलालेखापुढं मात्र तो पंडित व्हायचा.
ओळीवर बोट ठेवून, थांबत थांबत वाचायचा:
"जो कोणी या देवाची जमीन बळकावेल
त्याच्या पिठात जन्मभर खडे निघोत."
देगावात निराळा शाप, हूलीत आणखी निराळा,
पण पीठ प्रत्येकात.
मी सगळं उतरवून घेतलं, तारखेसकट.
अकराव्या वर्षी कुणीतरी सांगितलं,
ही अक्षरं जुनी, हळेगन्नड,
आजच्या कानडीवाल्याला त्यातलं एक लागायचं नाही.
मी इराप्पाला काही बोललो नाही.
पुढच्या खेपेलाही वही काढली.

मार्गशीर्षात तो गेला.
गिरणीचा पट्टा पोरानं काढून खुंटीला अडकवलाय.

आज देवळात पुजारी नव्हता.
पहारेकऱ्याची सहना पायरीवर गणितं सोडवत बसलेली,
सातवीतली, कानडी शाळेतली.
मी शिळेकडं बोट केलं. "वाच बघू."
ती वाकली, डोळे बारीक केले,
एका अक्षराशी बराच वेळ भांडली, हरली.
"तुम्हीच सांगा अज्जा, काय लिवलंय?"
घसा खाकरला. वही उघडावी लागली नाही.
"जो कोणी या देवाची जमीन..."
"पिठात खडे?" ती खुदकन हसली. "देव असं लिवतोय व्हय?"
"गिरणीवाला असेल."

मग तिलाही वाटलं, आपण काही वाचून दाखवावं.
वहीतून डोकावणारं तिकीट तिनं ओढलं
आणि शाळेच्या सुरात, मोठ्यानं,
"खानापूर. हलसी. वयस्करु, ओंदु."
अशी कितीतरी तिकिटं पानापानांत जपलीत मी,
त्यांवर काय असतं ते आज ऐकलं.
वयस्कर, एक.
दुसरंही तिनं वाचलं. शब्दाला शब्द तेच.
"हे कुणाचं?"

वराह काही बोलला नाही. नारायणही नाही.
मी मधोमध जाऊन आडवा बसलो,
डाव्या हाताला थोडी फरशी मोकळी ठेवून.
"झोपलाय," म्हणालो, "बसमध्ये. खिडकीला डोकं टेकून."

ती पळत रस्त्यापर्यंत गेली, बघून आली.
"बस गेली की, अज्जा."