वजनाची वही

पोस्ट ऑफिस शनिवारी बाराला बंद होतं.
मी पोचले बारा दहाला.
काचेपलीकडे माझं खोकं दिसत होतं,
माझ्याच अक्षरात माझंच नाव,
आत ओट्स, मोजे, पुढच्या शंभर मैलांचा नकाशा.
म्हणजे आता सोमवारपर्यंत
टॅनर्स फोर्क, व्हर्जिनिया.
एक रस्ता, दोन चर्च, एक पेट्रोल पंप
आणि गावाला न विचारता मधून जाणारी नदी.

लाँड्रीत होते नव्हते ते सगळे कपडे एकदम टाकले,
म्हणून अंगावर नुसता रेनकोट.
बाहेर लख्ख ऊन.
बाकावरची वर्लीन हसली नाही.
मे महिन्यात येतातच इथे
कोरड्या दिवशी रेनकोट घालून बसणारी माणसं.
तिने साबणाची अर्धी पुडी सरकवली.
"दोनदा नुसतं काळं पाणी येईल," म्हणाली,
"कपडे तिसऱ्यांदा."

मग भूक.
साडेचारशे मैलांची भूक पोटात नसते,
पोटऱ्यांत असते, बोटांच्या पेरांत असते.
समोरच्या टेबलावर बिस्किट नावाचा पोरगा
(खरं नाव त्यालाही आठवावं लागतं)
तिसऱ्या प्लेटीतल्या अंड्यांवर
थोडासा रडत होता.
कुणी काही विचारलं नाही.
मी मीठ पुढे केलं.

संध्याकाळी रॅसनेकच्या पेंडीच्या दुकानात.
तिथे पोती तोलायचा लोखंडी काटा आहे
आणि वाटेवरचा प्रत्येक जण त्यावर उभा राहतो,
का ते कुणाला सांगता येत नाही.
"आधी सॅकसकट. मग सॅक काढून."
ओडेल रॅसनेक, वय बहात्तर,
नाकाखाली ऑक्सिजनची नळी,
कानामागे पेन्सिल.
"एकतीस पौंड. एवढंच घर तुझं?"
मी फुशारकीने सांगितलं
टूथब्रशची दांडी कापली ते,
शर्टाची लेबलं उसवली ते.
तो ऐकत होता, मधेमधे श्वास घेत,
उधारीवर आणल्यासारखा.

"वर काय आहे?" त्याने विचारलं.
दुकानाच्या दारातून अख्खी डोंगररांग दिसते.
"रोज बघतो. गेलो नाही कधी."
मी सांगायला लागले
आणि ध्यानात आलं, मला आठवतायत
फक्त मुळं, दगड
आणि माझेच बूट.
"मी आतून चाललो," तो म्हणाला.
"तेहेतीस वर्षं. चार फूट उंचीची खाण.
वाकून.
माझ्या डोक्यावरून गेली असशील तू."
मग बराच वेळ खोकला.
"पण तिथे काही ऐकू येत नाही वरचं."

रविवारी मी काही केलं नाही.
पलंगावर पडले, पाय चालतच राहिले.
जिना उतरले उलटी,
कठडा धरून, एकेक पायरी चाचपत.
घंटा वाजली, दुसऱ्या चर्चची उशिरा वाजली.
टाचेवरची साल गळून पडली,
खाली गुलाबी, कुणा परक्याचीच कातडी.

सोमवारी खोकं घेऊन पुन्हा काट्यावर.
ओडेल आत खोकत होता.
वही उघडी होती.
मी माझं नाव शोधत पानं मागे नेली.
बिस्किट. किटली. लांबटांग्या. दोघी बहिणी.
आणि दर सोमवारी, त्याच पेन्सिलीने,
नुसता एक "ओ."
एकशे एकाहत्तर.
एकशे सहासष्ट.
एकशे साठ.
एकशे एक्कावन्न.
सॅकचा रकाना रिकामा.

तो बाहेर आला. चष्मा लावला.
वही कुठल्या पानावर होती ते बघितलं,
बोलला नाही.
माझा आकडा लिहिला. एकोणचाळीस.
"पाणी कुठून भरलंस?"
"नदीवरून. गाळून."
"ओतून दे," तो म्हणाला. "नळाचं घे.
ती खाणीखालून येते."

बाटल्या मी पायरीवर रिकाम्या केल्या.
त्याच्या नळाला धार बारीक,
भरायला वेळ लागला,
तोवर तो उभा राहिला, टेकून.
मग चारही काठोकाठ भरून
पुन्हा काट्यावर चढले.
दोन पौंड वाढले होते.
त्याने जुना आकडा खोडला
आणि नवा लिहिला.