शेवटचा रकाना

गंगाखेडच्या आगारात, वर्कशॉपच्या फळीवर,
ग्रीसच्या डब्याला टेकून एक लाल वही आहे.
कुरुडे साहेबांनी आणली, स्वतः पट्टीनं आखली:
तारीख. नाव. चूक. वजावट.

पहिल्या महिन्यात सात पानं भरली.
दुसऱ्यात दीड.
त्यानंतर अकरा वर्षं आमच्या हातून
एकही चूक झाली नाही.

नट सैल नव्हता, ब्रेक मऊ नव्हता,
गळणारं छतसुद्धा कागदावर कोरडं.
ड्रायव्हरनं विचारलं, कशीये गाडी?
की म्हणायचं, बरीये.
नवं पोरगं आलं की पान्हा धरायला
त्याला दोन महिने लागायचे,
जीभ धरायला दोन दिवस.
शिकवायचं कुणीच नाही.
खाजामियाँ नुसते खोकायचे,
पोरगं गप व्हायचं.

साहेब रिटायर झाले. शाल, नारळ, फेट्यातला फोटो.
बुलेट परळीच्या रस्त्याला लागली
तरी तिचा आवाज इथंच राहिला.
दूधवाल्याची बुलेट गेटातून शिरली
तरी वाकलेले सरळ, बसलेले उभे.
मधे तीन साहेब येऊन गेले.
वही कुणी उघडली नाही.
उघडायची गरजच नव्हती.

मग लोहबंदे मॅडम आल्या, किनवटकडच्या.
तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पालमची संध्याकाळची गाडी
एका लग्नाला दिली.
त्या दिवशी बाजार होता.
साठ माणसं, कोंबड्या, एक बाळंतीण
रात्री अकरापर्यंत स्टँडवर.

सकाळी त्या वर्कशॉपात आल्या, वही मागितली,
धूळ पदरानं पुसली आणि उभ्यानंच लिहिलं:
म. लोहबंदे, आगार व्यवस्थापक.
बाजाराचा वार कुणाला विचारला नाही.
शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
"इथं काय लिहू?"
कुणी बोलेना. कंप्रेसर तेवढा धापा टाकत होता.
खाजामियाँ म्हणाले, "चहा लिवा."
त्यांनी लिहिलं. चहा आला.
आम्ही प्यालो, बशी दोन्ही हातांनी धरून,
सापळा धरावा तशी.

नऊ दिवस वहीकडं कुणी बघितलं नाही.
दहाव्या दिवशी पहाटे बेचाळीस नंबर निघून गेली
आणि हात धुताना
मला माझंच "बरीये" आठवलं.
कामून आठवलं, सांगता येत नाही.
केबिन साठ पावलांवर. मधे दोनदा वळलो.
म्हणलो, ब्रेक मऊ आहे. काल बघितला होता मी.

मॅडमनं फोन उचलला,
सावतेला गाडी बाभळीखाली उभी करायला लावली.
प्रवाशांच्या शिव्या मलासुद्धा ऐकू येत होत्या.
फोन ठेवून म्हणाल्या,
"दुसरी गाडी घेऊन तुम्हीच जाता का?"
एवढंच.

वहीत ते माझं अक्षर, वाकडं, ऑइलच्या बोटाचं.
पुढं कुणाकुणाचं आहे.
शेवटच्या रकान्यात चहा, चहा,
एका ठिकाणी चहा आणि भजे.
चुका इतक्या वाढल्या
की खुलासा मागणारं विभागाचं पत्र आलं.

चौदा महिन्यांत मॅडमची बदली झाली.

आज नवे साहेब आले. बुलेटवर.
माझी पाठ आपोआप ताठ झाली.
खाजामियाँ खोकले.
लिंबाजीचं पोरगं मागच्या दिवाळीत लागलंय,
त्याला तो आवाज माहीत नाही,
खोकल्याचा अर्थही नाही.
गाडीखालून त्यानं काळा हात बाहेर काढला,
थेट साहेबांच्या बुटापाशी:
"चौदाचा पान्हा द्या की.
अन् मघाशी बोल्ट तुटला माझ्याकडून,
तेवढं वहीत लिवा."

साहेबांनी हाताकडं बघितलं.
पान्हे त्यांच्या उजव्या बाजूला, फळीवर,
वहीला लागून.