आतली शिवण

कपडा घेताना आधी उलटा करायचा,
हे मला कुणी शिकवलं नाही.
बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
शाळेचे गणवेश शिवतेय,
बाही जोडताना कळतंच
कुठल्या पोराची काख कुठं सोलणार आहे.

तरी पहिला सूट मी फोटो बघून मागवला.
फोटोतल्या बाईला मांड्या नव्हत्याच जवळजवळ.
मापांच्या तक्त्यात छाती एका ओळीत, कंबर दुसऱ्या,
आणि मी दोन्हींच्या मध्ये कुठंतरी
बिनमापाची.

आला. चेन पाठीला.
न्हाणीत कोपर वळवून वळवून घामाघूम,
शेवटी जावेला हाक मारली.
ती म्हणाली, शर्यतीत पण येऊ का मागनं पळत?
परत पाठवला.

दुसऱ्याची परीक्षा रीतसर घेतली.
दोन्ही हात वर, पोहताना जातात तसे:
गळा सरकला नाही पाहिजे.
उकिडवं बसून बघितलं.
सायकल स्टँडवर लावून वाकून बसले.
मग अंगावर दोन बादल्या ओतून
गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन आले,
मंगळवारची रात्र, साडेदहा,
बोल्लींच्या कुत्र्याशिवाय कुणी पाहिलं नाही.
त्यानं मात्र मनापासून भुंकून घेतलं.

बैठकीची गादी पातळच हवी.
जाड गादी वीस किलोमीटर सुख देते
आणि पुढचे पाच
ओल्या लंगोटासारखी लोंबते.
हे माझं ज्ञान नाही, पोहायला येणाऱ्या पद्मजा कुरापाटीचं,
तिनं पुण्यात भोगलंय.

रंगावर घरात चर्चा झाली.
काळा तापतो, आपल्याकडं तर विचारूच नका.
पांढरा भिजला की सगळं सांगून टाकतो.
गडद जांभळा ठरला. त्यात तारखेची धास्तीही
जरा कमी.
सासूबाईंनी एवढंच विचारलं, बाह्या आहेत ना?
होत्या, कोपराच्या वर चार बोटं.

तरी डाव्या काखेत टोचत होतं.
रविवारी पोहून आले तर तिथं लाल रेघ,
चटणीचा हात लागल्यासारखी चुरचुर.
सोमवारी सुट्टी झाल्यावर
इरम्मा थांबली, तिनं सपाट टाक्याचं मशीन चालू केलं,
आणि दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचा कपडा
आम्ही काखेपाशी उसवला.
माझा हात थरथरला, तिचा नाही.
दुकानाचा होता तोवर भ्यायचं, ती म्हणाली,
आता तुझा आहे.
दोरा गणवेशाचाच, नेव्ही ब्लू,
जांभळ्यात कुणाला दिसतोय.

जानेवारीत, हिप्परग्याच्या तलावाकाठी,
कुडकुडत उभ्या आम्ही एकोणीस बायका.
पाणी, मग सायकल, मग रस्ता.
कितवी आले ते दिराला विचारा, त्यानं लिहून ठेवलंय.
मला एवढंच आठवतं की
शेवटच्या वळणावर कधीतरी
काखेची आठवण झाली,
म्हणजे तोवर झाली नव्हती.

आता तो दोरीवर वाळतोय, उलटा,
दोन टॉवेलांच्या मध्ये.
इरम्मा चहाला आलीय,
मागच्या खिशात दोन बोटं घालून बघते.
एवढ्याशा खिशात मावतं काय गं?
शेंगदाण्याची चिक्की, मी सांगते,
आणि घराची किल्ली.
किल्ली कशाला? घरात सगळे होतेच की.
होते.
तरी.