उंबरठा

अल खोरच्या धक्क्यापासून चार मैलांवर
पाण्याखाली माझे तीन कान पुरलेले आहेत.
गॅसच्या पाइपाला टाचणीएवढं भोक पडलं
तर ऐकू यावं, एवढंच त्यांचं काम.
पण हा समुद्र गप्प बसणाऱ्यांतला नाही.
तळाशी कोळंब्या बोटं मोडतात, लाखोंनी,
कढईत मोहरी तडतडावी तशा, रात्रभर.
वर टँकरचे पंखे. शमाल सुटला की लाटा.

फिल्टर म्हणजे गाळणीच ना, शिहाब विचारतो.
नाही रे. गाळणीला फक्त जाड-बारीक कळतं.
इथे गळतीचा आवाज आधी पाठ करायचा,
मग तो शेवटाकडून सुरुवातीकडे उलटा मांडायचा
आणि अख्ख्या गोंगाटावरून सरकवत न्यायचा.
जिथे चपखल बसेल
तिथे पडद्यावर सुळका उभा राहतो.
कुलूप मांडीवर घेऊन
किल्ल्यांच्या ढिगाऱ्यात बसल्यासारखं.

सुळका किती उंच झाला की घंटा वाजवायची?
काल उंबरठा खाली घेतला :
रात्रीत एकोणीस घंटा,
एकोणीस वेळा बोट गेली,
एकोणीस वेळा कोळंबी.
आज वर नेलाय. सगळं शांत.
मला ही शांतता आवडत नाही.

बोट अबू हमदची.
त्याचा आजा मोत्यांच्या गलबतावर दोर धरायचा.
खाली मेव्हणा, नाकाला चिमटा, पायाला दगड.
दोर लाट ओढते, प्रवाह ओढतो,
एखादा मासा अंग घासून जातो,
आणि त्यातच कुठेतरी
माणसाचा एक हिसका.
कसं कळायचं, मी विचारलं.
'नाखुदाही हेच विचारायचा,' तो म्हणाला.
नाखुदा म्हणाला तो;
मला मात्र हर्णैचा नाखवा ऐकू आला.
जे पाठ असतं तेच सापडतं कानाला.
(जे पाठ नाही, त्याचं काय,
हे मी अहवालात लिहिलेलं नाही.)

'हाताला कळायचं,' तो म्हणाला.
मग मोटरची दोरी गुंडाळत, माझ्याकडे न बघता,
'एकदा नाही कळलं.'
आणि मोटर सुरू केली.

पहाटेचे तीन.
उंबरठा बोटभर खाली घेते.
शिहाबला सांगते,
बूट काढू नकोस.