दंत्य स

गायकांच्या तोंडात मी चाळीस वर्षं पाहत आलोय,
कानांनी.
पुढचे दात गेले की आधी स जातो.
आधी त्याला वारा लागतो,
मग त्याची शिट्टी होते,
शेवटी नुसता ओला श्वास.

आमच्या बेटावर देवाच्या मुलाला सीसू म्हणतात.
दोन स, दोन्ही दंत्य.
खर्जाच्या रांगेत माझी अकरा माणसं,
त्यातले सहाजण त्याला हाक मारतात तेव्हा
दाराखालून समुद्र आत आल्यासारखं वाटतं.
देवाला चालत असेल.
मला चालत नाही.

लोसेली होडीतून उतरली, पाठीवर पिशवी, हातात बॅटरी.
मे महिन्याचा पहिला रविवार आठवड्यावर आला होता.
त्या दिवशी मुलं पांढऱ्या कपड्यांत वचनं म्हणतात
आणि न अडखळता म्हटली की गळ्यात गोळ्यांचा हार पडतो,
चमकत्या कागदातली लाल, हिरवी, जांभळी साखर,
थेट बेंबीपर्यंत.
अडखळली तरी पडतो.

हार ओवते कालोलाइने.
तिच्या बोटांना सुई लागत नाही.
गाताना मात्र तोंडापुढे पंखा धरते, विणलेला,
थंडीतही.
सगळ्यांना वाटतं, भाविक बाई.

"दवाखान्यात कुणी येत नाही," लोसेली पाद्रीबुवांना म्हणाली,
"इथं सगळे येतात."
पाद्रीबुवांनी कंबरेची चटई सारखी केली,
स्वतःच्या दाढेवर जीभ फिरवली (मी पाहिलं)
आणि म्हणाले, "प्रवचनात नको.
बाहेर, टाकीपाशी."
मग जरा थांबून:
"आधी माझी बघ."

तालमीनंतर बाकावर एकेकाचं डोकं टेकवलं.
ती आकडे बोलायची, सोआकाई माझ्याच फळ्यावर लिहायचा,
स्तोत्राच्या खाली उरलेल्या जागेत.
तीन, बरा. चार, बरा. पाच, कीड.
सहा, नाही. सात, हलतोय.

आता आमचे सूरही आकडेच.
तीन म्हणजे सा, चार रे, पाच ग.
शिकवता शिकवता डोक्यात असे बसलेत
की दुकानातलं बिलसुद्धा मी गुणगुणतो.
तेव्हा फळ्यावर पाद्रीबुवांचा जबडा वाचताना
मी नकळत गाऊ लागलो:
सा, रे, किडका ग,
मध्यमाच्या जागी भोक,
आणि पंचम डुगडुगता.
खर्जवाले खो खो हसले. हसतील त्यांचे दात दिसतील,
म्हणून लगेच तोंडावर हात.

मग कालोलाइने बसली.
पंखा मांडीवर ठेवायला तिला बराच वेळ लागला.
"एक, नाही," लोसेली म्हणाली. "दोन, नाही."
दुसऱ्या बाजूलाही: एक, नाही. दोन, नाही.
कुणी काही बोललं नाही.
सोआकाईचा खडू थांबला.

"एक आणि दोन," मी म्हणालो, "आपल्या सुरांत नाहीतच.
आपलं गाणं तीनपासून सुरू होतं."

ती हसली. चार दातांच्या खिडकीतून,
वीस वर्षांनी, पंखा नसताना.
दात काही परत आले नाहीत त्याने.
लोसेलीनं कागदावर कवळीसाठी नाव लिहून घेतलं,
बोट महिन्याने, साचा त्याच्या पुढच्या महिन्याने,
आणि पैसे कोण देणार हे अजून ठरायचंय.

रविवारी हार पडलेच.
कालोलाइनेनं हट्टानं पूर्वीएवढेच लांब ओवले,
फक्त दर चार गोळ्यांनंतर शेंगदाण्यांची पुडी,
आणि खाली, पदक असतं तिथं, एक ब्रश.
धाकटी सिउतिती ब्रश चोखत चोखत घरी गेली.

आता संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर
मुलं टाकीपाशी उभी राहतात, तोंडात फेस,
आणि मी दोन कडवी म्हणतो,
तेवढाच वेळ घासायचं.
त्यांना म्हणता येत नाही, म्हणून मी एकटाच.
तिसरं कडवं घेतलं की डोळे वटारतात.

खर्जात अजून समुद्र आहे.
पण टाकीपाशी चूळ भरून
कुणीतरी पहिल्यांदा हाक मारतं, सीसू,
आणि तो स इतका धारदार असतो
की मी आकडा विसरतो.