प्रवासाचे कारण

प्लिनिओ,
मेजावर नकाशा पसरलाय. कोपरे उडू नयेत म्हणून
साखरेचं भांडं, मेणाची वडी, तुझं एक जुनं पत्र,
आणि गेल्या मार्चपासून न वाजलेली माझी शिट्टी,
लिफ्टच्या पायथ्याशी पोरांना रांगेत ठेवायची.
खुर्च्या अजून तारेला लटकल्यात.
बर्फ येतो, बसतो, उठून जातो.
तिकीट कोणी मागत नाही.

बेत असा होता:
शनिवारी पहाटे मी लिविन्योहून चढणार, तू ला रोझाकडून,
अकराला फोर्कोलाच्या खिंडीत भेट,
मग तुझ्या बाजूची उतरण, तुझं स्वयंपाकघर,
कुट्टूच्या जाड शेवया, कोबी, वितळलेलं चीज,
रविवारी परत.
पूर्वी हे एका दमात सांगून व्हायचं.

आता बेताला शेपट्या फुटल्यात.
नाकात काडी, बहात्तर तासांच्या आतली.
निकालाला अठ्ठेचाळीस लागतात,
आणि काडी घालणारे बसतात बोर्मिओला,
तिथं जायलाही कारण हवं.
परतल्यावर चौदा दिवस घरात.
तुमचे म्हणतात या, आमचे म्हणतात जाऊ नका,
आणि दर शुक्रवारी आमच्या प्रांताला नवा रंग:
तांबडा, नारिंगी, पिवळा, पुन्हा तांबडा.
आई म्हणते, टोमॅटो तरी
एकदा लाल झाला की मागे फिरत नाही.

फॉर्मवर तीन चौकोन आहेत.
काम. नाही.
आरोग्य. ठणठणीत,
फक्त रात्री दोनला उठून स्कीच्या कडा घासत बसते.
गरज.
इथं पेन टेकवून इतका वेळ थांबले की ठिपका पडला.
खाली दीड ओळ मोकळी: सविस्तर लिहावे.
दीड ओळीत काय मावतं?
रोझाल्बा मावशीला पुरलं तेव्हा
मी ह्याच मेजाशी फोन कानाला लावून
तुमच्या गावची घंटा ऐकली. मधेच रेंज गेली.
शेवटचे टोल मी मोजलेच नाहीत.

आजोबा ह्याच खिंडीतून रात्री यायचे,
पाठीवर तीस किलो कॉफी, बुटांना गोणपाट,
पावलांचा आवाज होऊ नये म्हणून.
नाक्यावरच्या शिपायाला वास यायचा.
तो नाक दुसरीकडे वळवायचा.
आता नाकच तपासतात.
माल म्हणजे नुसता श्वास,
पाठीवर बांधता येत नाही,
कोणी दिसलं तर टाकून पळताही येत नाही.

गुरुवारी मीच फोन करून बेत मोडला. माहीत आहे.
तरी शनिवारी निघाले.
घाबरू नकोस, नियमात:
आमच्या पालिकेची हद्द खिंडीतल्या दगडापर्यंत जाते,
आणि स्वतःच्या पायांनी चढायला मनाई नाही.
स्कीखाली पट्ट्या चिकटवल्या, चार तास चढले.
वाटेत एका सशाचा माग, सरळ तुमच्याकडे गेलेला.
वर ढग बसला होता, रवंथ करणाऱ्या गाईसारखा,
हलायचं नावच नाही.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
स्वित्झर्लंडमध्ये आपलं स्वागत आहे,
आणि खाली मिनिटाचा दर.
मी इटलीत, हातमोजा इटलीत,
आणि फोन काडीशिवाय, फॉर्मशिवाय
पलीकडे पोचलेला.

मी हाक मारली.
ढगातून हाक आली.
तू होतास,
की माझाच आवाज परतला,
चौदा दिवस कुठंही न थांबता?

अकरा वाजून वीसपर्यंत उभी राहिले. बोटं बधिरली.

दगडामागे, वारा लागत नाही तिथं,
अर्धा किलो कॉफी ठेवलीय.
उलट्या दिशेचा माल. आजोबा खोकेपर्यंत हसले असते.
बर्फ पडायच्या आत घेऊन जा,
आणि पिशवी जपून ठेव,
ती आईची आहे, ती रोज विचारते.